बाजारातली साल, रानातले झाड

जॉर्ज वॉट यांचा 'डिक्शनरी ऑफ द इकॉनॉमिक प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' हा अवाढव्य कोश १८८९ ते १८९३ या काळात खंडाखंडाने निघाला. त्यात प्रत्येक औषधी वनस्पतीच्या नोंदीखाली देशभरातल्या डॉक्टरांची मते बारीक टाइपात दिली आहेत. कुणी बंगालचा सिव्हिल सर्जन, कुणी मद्रासकडचा. प्रत्येकाचे एखाददुसरे वाक्य आणि पुढे कंसात नाव-गाव. त्या गर्दीत एक मराठी नाव पुन्हा पुन्हा भेटते : असिस्टंट सर्जन सखाराम अर्जुन, एल. एम., गिरगाव, मुंबई. कोशाचा पहिला खंड छापून आला तेव्हा हे गृहस्थ हयात नव्हते. १८३९ साली जन्मलेले डॉ. सखाराम अर्जुन राऊत १६ एप्रिल १८८५ रोजी, पन्नाशी गाठण्याआधीच गेले. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून गोळा केलेला अनुभव मात्र कंसांतून पुढच्या पिढ्यांच्या ग्रंथांत शिरला.

आज त्यांचे नाव निघते ते दोन निमित्तांनी. डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. आणि १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी ते एक. त्या आठांत भारतीय दोनच होते, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत, पण दोन्हींत सखाराम अर्जुन दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत कडेला उभे असतात. मुंबईच्या बाजारात विकली जाणारी देशी औषधे नेमकी कोणत्या झाडांची, ती कुठून येतात आणि कशावर चालतात, याचा त्यांनी धीराने घेतलेला पडताळा कुणाला आठवत नाही. पुढच्या पानांतले चरित्र त्या कामाला मध्यभागी आणते. गुहागरसारख्या गावी राहून वैद्यकी करणाऱ्या माझ्यासारख्याला प्रस्तावना लिहावीशी वाटली ती एवढ्यासाठीच.

डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ही जोडी आज अपूर्वाईची वाटते. दोनशे वर्षांपूर्वी ती नित्याची होती. औषध म्हणजे बहुतांशी मुळी, साल, पान, बी. तेव्हा वैद्यक शिकणाऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. वनस्पतींना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची रीत रुजवणारा लिनियस स्वतः डॉक्टर होता. इंग्लंडातल्या विल्यम विदरिंगची हकिगत तर प्रत्येक वैद्यकाच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी. श्रॉपशर परगण्यातल्या एका वृद्ध बाईच्या घरगुती काढ्याने अंगावरची सूज उतरते, असे त्याच्या कानावर आले. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण त्यांतल्या एकीचाच असणार आणि ती डिजिटॅलिस, हे त्याने ताडले, कारण ब्रिटनच्या वनस्पतींवरचा ग्रंथ लिहिण्याइतकी त्याची त्या विषयात गती होती. मग दहा वर्षे तो मात्रा किती, गुण केव्हा, विषार केव्हा याच्या नोंदी ठेवत राहिला आणि १७८५ साली त्याने पुस्तक काढले. हृदयाच्या रोग्यांना आपण आजही जे डिगॉक्सिन देतो ते त्याच कुळीतल्या वनस्पतीचे.

अमेरिकेत हेच काम बोस्टनच्या जेकब बिगेलो यांनी केले. नव्या देशाच्या रानात औषधाचे काय काय आहे, हे तपासून त्यांनी १८१७ ते १८२० या काळात 'अमेरिकन मेडिकल बॉटनी'चे तीन खंड काढले. त्या पिढीतल्या अमेरिकी डॉक्टरांना आपल्याच भूमीवरची झाडे नव्याने ओळखायची होती आणि तिथल्या मूळ रहिवाशांकडचे ज्ञान त्यांच्यापर्यंत तुटक, ऐकीव येत होते. बिगेलो जानेवारी १८७९ मध्ये वारले. त्याच वर्षी मुंबईत सखाराम अर्जुनांचा 'कॅटलॉग ऑफ द बॉम्बे ड्रग्ज' प्रसिद्ध झाला. दोघांचे काम एका जातीचे, पण अडचण वेगळी. बिगेलोंपुढे झाडे होती आणि त्यांचे उपयोग शोधायचे होते. आपल्याकडे उपयोग हजारो वर्षांचे लिहून ठेवलेले होते आणि झाडांची ओळख पुसट होत चालली होती. ग्रंथात नाव, बाजारात वाळलेला तुकडा आणि रानात झाड, अशा तीन ठिकाणी एकच वस्तू विखुरलेली. ते तीन धागे एकत्र बांधायचे तर संस्कृत वैद्यक, बाजार आणि वनस्पतिशास्त्र या तिन्हींत वावरणारा माणूस हवा. सखाराम अर्जुन तसे होते.

आपल्या किनाऱ्याला या कामाची परंपरा आहे. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने तीस वर्षे इथल्या औषधांचा माग काढला आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात ते सगळे मांडले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. ग्रंथातला ऑर्ता जुन्या ग्रीक आणि अरबी पंडितांची वचने ऐकून घेतो आणि मग म्हणतो की मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. आमचे कोकमही त्याच्या पुस्तकात आहे. हिंदू वैद्यांकडून आपण काय घेतले हे तो सांगतो, मलुपा या वैद्याचे नावही घेतो. अशा माणसाच्या अस्थी मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने उकरून जाळल्या, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

पुढच्या शतकात कोचीनला डच गव्हर्नर व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस'चे बारा खंड सिद्ध केले. इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याचे नाव त्या संदर्भात नेहमी घेतले जाते. त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तिघे कोकणी वैद्य होते आणि त्यांचे नागरी अक्षरांतले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या वनस्पतिग्रंथात सतराव्या शतकात कोकणी वैद्य आपल्या नावानिशी उभे आहेत, ही गोष्ट आपल्या शाळांतून शिकवली जायला हवी.

मुंबई इलाख्यात हे काम नेटाने सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. सखाराम अर्जुन जन्मले त्याच १८३९ साली जॉन ग्रॅहम यांची मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली. छपाई चालू असतानाच ग्रॅहम वारले आणि उरलेले काम निम्मो यांनी पुरे केले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत लष्करी इस्पितळांसाठी औषधी झाडे लावत होते. खुरासनी ओव्याचा अर्क ते तिथेच काढवीत. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल यांच्यासह त्यांनी 'बॉम्बे फ्लोरा' लिहिला. आणि १८४५ मध्ये उघडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून देशी डॉक्टर बाहेर पडू लागले होते. पहिल्याच तुकडीतले भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले. सखाराम अर्जुन याच कॉलेजात शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले, आणि त्यांनी शिकवलेल्या विषयांत वनस्पतिशास्त्र होते.

'कॅटलॉग' या शब्दाने वाचकाने बिचकू नये. मुंबईचा औषधबाजार त्या काळी म्हणजे अर्ध्या आशियाचा उतारा होता. इराण-अरबस्तानातून गलबते येत, हिमालयातली मुळे गुजरात-मारवाडच्या व्यापाऱ्यांमार्फत येत, आणि कोकणातल्या बंदरांतून मचवे हिरडा, शिकेकाई, कोकम घेऊन जात. हा सारा माल गांध्याच्या, म्हणजे देशी औषधे विकणाऱ्याच्या, दुकानात एका ओळीत डब्यांतून मांडलेला. गिऱ्हाईक नाव सांगणार आणि गांधी डबा उघडणार. डब्यातली वस्तू त्या नावाचीच आहे याची खात्री कोण देणार? वाळलेल्या मुळीला पान नसते, फूल नसते. एकाच नावाने दोन वस्तू विकल्या जातात, एकच वस्तू तीन नावांनी. डॉक्टरने कितीही विद्या पाजळली तरी त्याच्या औषधाची खरी किंमत त्या डब्यावर ठरते.

आपल्या घरातली बाळगुटीच घ्या. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ, सुंठ, अतिविष, मायफळ, काकडशिंगी, कुडा. सहाणेवर दुधात उगाळायच्या या वस्तू. कशाचे किती वळसे ते आजीच्या हाताला ठाऊक. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गुटी देऊ नका, असे मी आज निक्षून सांगतो. तो विषय वेगळा.) या दहा वस्तू एका ओळीत मांडून नीट पाहाव्यात. मुरुडशेंग आमच्या सड्याच्या कडेच्या झुडपाची, पीळ घातलेल्या दोरीसारखी, ते खरोखरीचे फळ. वेखंड हे पाणथळीतल्या वनस्पतीचे आडवे खोड. अतिविष हिमालयातले, बचनागाच्या कुळीतले, त्यामुळे ओळखण्यात चूक झाली तर जिवाशी गाठ. मायफळ हे फळच नव्हे. आशिया मायनर आणि इराणकडच्या ओक वृक्षाच्या फांदीवर एक इवलीशी गांधीलमाशी अंडी घालते आणि त्या डिवचण्याने झाड जी गाठ तयार करते, ती गाठ म्हणजे मायफळ. काकडशिंगीही शेंग नाही, ती हिमालयातल्या एका झाडावर माव्यासारख्या किड्यांमुळे येणारी पोकळ गाठ. सहाणेवर उगाळणाऱ्या आजीला हे कळायचा मार्ग नव्हता आणि नुसते ग्रंथ वाचणाऱ्या वैद्यालाही नव्हता. झाडापाशी जाऊन पाहणाऱ्यालाच ते कळते. एका बाळाच्या चमचाभर गुटीत तुर्कस्तानपासून हिमालयापर्यंतची झाडे आणि दोन जातींचे किडे येतात. असल्या वस्तूंचा नावनिशीवार हिशेब मांडणे म्हणजे केवढे काम, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

याच कामाची निकड सांगणारे एक झाड आमच्या तालुक्यात पावलोपावली आहे. वैशाखात गुहागरहून शृंगारतळीकडे जाताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांनी डवरलेला कुडा दिसतो. संस्कृतातला कुटज तो हाच; 'मेघदूता'तला यक्ष मेघाला याचीच फुले वाहतो. चरकापासून अतिसारावर कुटजाची साल सांगितलेली आहे. ऑर्ताने अतिसारावरच्या ज्या मलबारी वनस्पतीचे गुण गायले, ती कुडाच असे अभ्यासक मानतात. कोकणात त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात, आणि आव पडू लागली की कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, उगाळून देतात. माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांपैकी कितीतरी जण आधी दोन दिवस पाळ घेऊन मगच दवाखान्याची पायरी चढतात.

पण कुडे दोन आहेत. पांढरा कुडा आणि काळा कुडा. दोन्हींच्या फांदीतून चीक येतो, दोन्हींना समोरासमोर पाने, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा, दोन्हींची फुले पांढरी. बीही एकाच नावाने विकले जाते : पांढऱ्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोड इंद्रजव. अतिसारावर गुणकारी तो पांढरा. काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग काढीत, त्याचे लाकूड कोरीवकामाला नामी, पण आवेवर तो कामाचा नाही. ओळखायचे कसे? शेंगांची जोडी हातात घ्यावी. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, जणू दोन्ही हातांची बोटे खाली जुळवली आहेत. पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या, आपापल्या लोंबतात. फुलात डोकावले तर काळ्याच्या गळ्याशी तंतूंची झालर दिसते, पांढऱ्याच्या गळ्याशी काही नसते. झाडाखाली उभे असाल तर चिमुरड्या पोरालाही फरक दाखवता येतो. पण साल सोलून, वाळवून, पोत्यात भरून मुंबईला गेली की शेंगही नाही आणि फूलही नाही. मग दोन्ही साली सारख्याच तपकिरी.

याचे परिणाम फार दूरवर गेले. अठराव्या शतकात कुड्याची साल युरोपात औषध म्हणून पोचली होती, नावाजलीही गेली होती, आणि मग तिचा लौकिक ओसरला. तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळून जात असे, गुण येईना, म्हणून औषधच खोटे ठरले, असे एकोणिसाव्या शतकातले औषधशास्त्राचे ग्रंथ नोंदवतात. गंमत अशी की सालीतला खरा अर्क मुंबईतच सापडला. १८५८ मध्ये हेन्स यांनी पांढऱ्या कुड्याच्या सालीतून जे अल्कलॉइड वेगळे केले ते पुढे कोनेसीन या नावाने ओळखले गेले. म्हणजे औषध खरे होते, झाडही जागेवर होते. मधल्या वाटेत ओळख हरवली होती. सखाराम अर्जुन ज्या मुंबईत डॉक्टर झाले तिथे ही चर्चा ताजी होती. बाजारातल्या एकेका औषधाला त्याच्या झाडापर्यंत नेऊन पोचवण्याचा त्यांचा आग्रह अशा अनुभवांतून आलेला आहे, हे मनाशी धरून त्यांचा 'कॅटलॉग' वाचला की त्यातली रुक्ष वाटणारी प्रत्येक ओळ बोलू लागते.

या परंपरेतल्या आधीच्या बहुतेकांपेक्षा सखाराम अर्जुन एका बाबतीत वेगळे होते. ऑर्ता काय किंवा व्हान रीड काय, त्यांना माहिती देणारे वेगळे आणि लिहिणारे वेगळे. सखाराम अर्जुन गिरगावात राहणारे, सुतार समाजातले मराठी गृहस्थ. गांध्याशी, सुइणीशी, रोग्याच्या आईशी ते त्यांच्याच बोलीत बोलत आणि रात्री इंग्रजी ग्रंथांशी ते ताडून पाहत. ज्ञान घेताना जशी मराठी, तशी ते देतानाही. वैद्यक, प्रसूतिशास्त्र आणि विवाहाचे शरीरशास्त्र अशा विषयांवर त्यांनी मराठीत लिहिले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तेव्हा देशी भाषांतून शिकणाऱ्यांचे वर्ग होते. त्या विद्यार्थ्यांच्या हाती मराठी पुस्तक असणे याला काय मोल होते, हे आज मराठीत वैद्यकाचे एकही पाठ्यपुस्तक न वाचता डॉक्टर होणाऱ्यांना सांगायला हवे. प्रसूती आणि विवाह या विषयांवर उघडपणे, शास्त्राच्या भाषेत लिहायला १८७० च्या दशकात धैर्यही लागत होते.

त्यांच्या घरातल्या घटनांविषयी चरित्रात सविस्तर मजकूर आहे, मी थोडक्यात लिहितो. जनार्दन पांडुरंग यांच्या विधवा पत्नी जयंतीबाई यांच्याशी सखाराम अर्जुनांनी विवाह केला. सुतार समाजात विधवाविवाहाला मुभा होती. जयंतीबाईंची मुलगी रखमाबाई, जन्म १८६४. सुधारकांत ऊठबस असलेल्या या डॉक्टरांच्या घरी रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी या नात्यातल्या तरुणाशी झाले. चरित्रकाराने ही गोष्ट झाकलेली नाही, हे योग्यच केले. ज्या माणसाला शरीरशास्त्र ठाऊक होते, जो त्यावर लिहीत होता, त्याच्याही हातून रूढी मोडली गेली नाही. मात्र मुलगी वयात आली म्हणून तिला लगेच सासरी धाडायला त्यांनी डॉक्टर या नात्याने ठाम नकार दिला, आणि ती वडिलांच्या घरी राहून वाचत-शिकत गेली. १८८४ मध्ये दादाजींनी नांदायला येण्याची मागणी केली तेव्हा रखमाबाईंनी नकार दिला. सखाराम अर्जुन तिच्या बाजूने उभे होते. प्रकरण कोर्टात गेले. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण तो ऐकायला ते राहिले नव्हते. अपिलात तो निकाल फिरला, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्मान निघाले, रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, आणि १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर स्त्रियांवर उपचार केले. १९५५ साली त्या वारल्या. त्यांच्या वैद्यकी शिकण्याच्या निश्चयामागे लहानपणी त्या घरात पाहिलेला दवाखाना, तिथली पुस्तके आणि वाळवून ठेवलेली पाने-मुळे असतील, असे मला मनापासून वाटते.

नॅचरल हिस्टरी सोसायटीची पहिली बैठक भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाली. बाकीचे संस्थापक बरेचसे शिकारी, पक्षी आणि फुलपाखरे जमवणारे हौशी युरोपीय. त्यांत दोन मराठी डॉक्टर जाऊन बसतात, ते कशासाठी? छंद म्हणून बसले असे म्हणून भागत नाही. नमुने गोळा करून, नाव लावून, कुणालाही पुन्हा तपासता येतील अशा रीतीने जपून ठेवण्याची सवय डॉक्टरांच्या कामाची होती. एखाद्या रोग्याला साल लागू पडली, तर ती साल ज्या झाडाची त्याची फांदी कागदावर चिकटवून ठेवलेली असेल तरच पुढचा डॉक्टर तो अनुभव पडताळून पाहू शकतो. सोसायटीचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले, सखाराम अर्जुनांच्या पश्चात. त्यातच पुढे ले. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या आणखी एका मराठी डॉक्टरने मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. त्यांनी बसू यांच्यासह तयार केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. ग्रॅहम, गिब्सन, सखाराम अर्जुन, कीर्तिकर अशी ही साखळी मुंबईत सलग चालत आली, आणि तिचा मराठी भाग आपण स्वतःच विसरलो.

हे सगळे जुने झाले, आता रसायनशाळा आहेत, असे म्हणणाऱ्यांना नरक्याची हकिगत सांगावीशी वाटते. सह्याद्रीत नरक्या नावाचे दुर्गंधी फुलांचे लहानसे झाड आहे. त्याच्या शास्त्रीय नावात, 'नॉथापोडायटिस निम्मोनियाना' मध्ये, ग्रॅहमची यादी पुरी करणारे निम्मो आहेत. १९६६ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरचे द्रव्य वेगळे केले. हे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे तेच द्रव्य आमच्या नरक्यात भरपूर असल्याचे उघड झाले आणि मग सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. मुळासकट उपटून, तुकडे करून, पोत्यांतून रात्रीचे ट्रक जाऊ लागले. वनखात्याच्या माणसाला पोत्यातला तुकडा कशाचा हे ओळखता आले पाहिजे, तरच तो ट्रक अडवणार. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही प्रश्न तोच : वाळलेल्या लाकडाला पाहून झाड सांगा. विदरिंग आणि सखाराम अर्जुन एकट्याने करत ते काम आता रसायनशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि वनरक्षक अशा चौघांत वाटले गेले आहे. या चौघांची एकमेकांशी गाठ क्वचित पडते, हे मला रोज जाणवते. माझ्याकडे येणारा रोगी "काढा घेतला" म्हणतो. कसला, विचारले तर "झाडपाल्याचा". कुठल्या झाडाचा, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते आणि ते देणाऱ्याकडेही बऱ्याचदा नसते. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेला रोगी समोर असताना ते उत्तर नसणे फार महागात पडते.

या चरित्रात सखाराम अर्जुनांचे शिक्षण, कुटुंब, सभा-संस्था, ग्रंथ यांची प्रकरणे कालक्रमाने येतात. वाचकाने वाटल्यास उलट्या टोकाने सुरुवात करावी : आधी औषधांवरचे प्रकरण, मग माणूस. त्यातल्या वनस्पतींपैकी ज्या कोकणात आहेत त्यांची निराळी यादी शेवटी दिली आहे आणि स्थानिक नावांसाठी रकाना मोकळा ठेवला आहे. कारण नावे गावागणिक बदलतात. हेदवीत एका झुडपाला जे म्हणतात ते तवसाळात वेगळ्याच झुडपाला म्हणतील. शाळेतल्या शिक्षकांनी, आशाताईंनी, गावातल्या जाणत्या माणसांनी फांदी-फूल पाहून तो रकाना भरावा, फूल नसेल तर फुलाच्या हंगामापर्यंत थांबावे, आणि नाव सांगणाऱ्याचेही नाव शेजारी लिहावे. पुढच्या आवृत्तीत ती माहिती सांगणाऱ्यांच्या नावांसह छापायची, असे ठरले आहे. पांढऱ्या आणि काळ्या कुड्याचे रकाने मी गुहागरपुरते भरून दिले आहेत.